काळ्यावर काळं

आमच्या सरांशी भांडता येत नसे. भांडायला समोरचा माणूस आपल्या विरुद्ध उभा असावा लागतो. सर आधी येऊन आपल्याच बाजूला उभे राहत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जालन्याच्या बसस्टँडवर. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. मी नुकतंच कॉलेजात नाव घातलं होतं आणि बदनापूरच्या गाडीत खिडकीशी बसले होते. दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. अंगात दोन खिशांचा बुशशर्ट, काखेत जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं. गाठोड्याला जळकट वास येत होता. जुन्या जालन्यात कुणाचं तरी दुकान जळालं होतं आणि त्यातले अर्धवट जळालेले कागद हा माणूस मागून घेऊन चालला होता.

कंडक्टर म्हणाला, “हे जळकं गठुडं गाडीत न्हाई चालणार.”

“थांबा,” ते म्हणाले. “तुमचं म्हणणं असं, की याला वास मारतो. काजळी उडते. शेजारच्या बाईचं पातळ खराब झालं तर ती माझ्याशी नाही, तुमच्याशी भांडणार. तक्रार गेली तर साहेबापुढं उभं तुम्हाला राहावं लागणार, मला नाही. बरोबर?”

“बराबर.”

“आणखी काही राहिलं?”

असं त्या कंडक्टरला नोकरीत बहुधा कुणी विचारलं नव्हतं. तो विचारात पडला. “टपावर टाका म्हणलो असतो, पण वाऱ्यानं समदं उडंल.”

“हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं,” ते म्हणाले, आणि गाठोडं घेऊन खाली उतरले. गाडी सुटली. मी मागं वळून पाहिलं, तर माणूस हरल्यासारखा मुळीच दिसत नव्हता. अवघड गणित सुटल्यासारखा चेहरा होता.

माझ्या शेजारची बाई म्हणाली, “येडाच हाय की गं हा!”

चार दिवसांनी तो वेडा माणूस आमच्या वर्गात तर्कशास्त्र शिकवायला आला.

सर कुणाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. आणि सगळ्यांना अहो-जाहो. “अंतरवाली, खिडकी लावा. बदनापूर, तुम्ही उत्तर द्या.” आमचं गाव बदनापूरपासून दोन कोस आत, पण सरांच्या लेखी मी बदनापूर झाले आणि शेवटपर्यंत बदनापूरच राहिले. एका मुलानं कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “नावं मी विसरतो. गाव विसरून चालत नाही. तिथं कधी ना कधी पोथी मागायला जायचं असतं.”

रविवारी ते खरोखरच जात. सायकल, खांद्याला शबनम, तिच्यात भिंग, पंचा, आणि डब्यात शेंगदाणे-गूळ. कुणाच्याही दारात उभे राहून म्हणायचे, “चहा नको. जुना कागद आहे का घरात? वाळवी लागलेला, भिजलेला, जळालेला, कसाही चालेल.” कागद हातात घेण्याआधी हात धुवायचे, पंचाला पुसायचे, मग कागद नाकाशी नेऊन वास घ्यायचे. आजचं वर्तमानपत्रसुद्धा हात धुतल्याशिवाय उघडत नसत. मामा चौकाकडचा रद्दीवाला त्यांना लांबूनच हाक मारी, “सर, तुमचा माल आला ना! एकदम सडेला!”

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी वर्गात एकदाच नीट सांगितलं. जुन्या पंडितांची वाद घालायची एक रीत होती. समोरच्याचं मत आधी मांडायचं, त्याला पूर्वपक्ष म्हणायचं. आणि ते असं मांडायचं की समोरच्यानंच मान डोलवावी, ‘होय, मला हेच म्हणायचं होतं.’ मगच आपलं उत्तर. रीत चांगली, पण तिचा एक परिणाम असा झाला, की काही विचारवंत फक्त दुसऱ्यांच्या पूर्वपक्षातच उरले. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथाचं एक पानही शिल्लक नाही.

“म्हणजे बघा,” सर म्हणाले, “फिर्यादीचा कागद आहे. आरोपीचा जबाब गहाळ. आणि निकाल मात्र शेकडो वर्षं आपण वाचून राह्यलो.” खडू खाली ठेवून त्यांनी हात झटकले. “तो जबाब कुठं तरी असणार. कुणाच्या तरी माळ्यावर असणार. मला तो एकदा, त्याच्या तोंडून ऐकायचाय. पटलाच पाहिजे असं काही नाही.”

परीक्षेत दहा मार्कांच्या प्रश्नाला सहा मार्क समोरच्याची बाजू मांडण्याला आणि चार आपल्या उत्तराला, हा त्यांचा नियम होता. नुसतं तावातावानं खोडून काढणाऱ्याला ते चारातले दोन देत. घरीही हाच कारभार. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, “यांच्याशी भांडायला बसावं, तर माझीच बाजू हे इतकी छान मांडतात की मला पुढं बोलायला काही उरतच नाही. मग मी उठून वरण फोडणीला टाकते.”

मला मात्र त्या रीतीनं पदवी दिली. पहिलं वर्ष झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कुणीच नव्हतं. मी रडत सरांकडे गेले. ते म्हणाले, “रडू नका. घरी जा आणि आबांची बाजू त्यांच्यापेक्षा चांगली मांडा.”

मी दोन दिवस विचार केला. मग आबा ओट्यावर बसले होते तिथं जाऊन मी म्हणाले, “आबा, तुमचं म्हणणं असं, की पोरगी जास्त शिकली की तिच्याजोगा नवरा मिळत न्हाई. भावकीत बोलतेत. आणि माझी गाडी चुकली की तुमचा जीव थाऱ्यावर राहत न्हाई. तुम्ही फाट्यावर येऊन उभे राहता अन् मला सांगता की बैल हुडकायला आल्तो.”

आबांनी आधी गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “बैलाचं तुला कोणं सांगितलं?”

“कोणं न्हाई. बैल तर गोठ्यातच असतेत, आबा.”

आबांनी तंबाखू मळली, झटकली, तोंडात टाकली. “मंग जा,” म्हणाले. “पण पाचच्या गाडीनं येत जाय. बैल लई हुडकावे लागतेत.”

आता आमच्या घरच्या पोथीविषयी सांगायला हवं, कारण सरांचं आणि आमचं नातं तिच्यामुळे जुळलं.

देवघरात लाल फडक्यात गुंडाळलेली, दोन फळ्यांमध्ये बांधलेली एक पोथी होती. आबांच्या पणजोबांकडे, निजामाच्या अमलात, एक शास्त्रीबुवा चार महिने मुक्कामाला राहिले होते. जाताना ती ठेवून गेले. “परत येईन तेव्हा नेईन, तोवर जपा,” म्हणाले. ते आले नाहीत. आम्ही जपत राहिलो. जपायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं. शेतकऱ्याला जपणं म्हणजे काय ते एकच ठाऊक. दसऱ्याला नांगराच्या फाळाला, विळ्याला, कुऱ्हाडीला तेल दिलं की गंज चढत नाही. मग पोथीलाही तेल. करडईचं, घाण्यावरचं, वर हळदकुंकू. पिढ्यान् पिढ्या. माझ्या लहानपणापासून ते काम माझ्याकडे होतं. मी फळी जराशी उचलून बोटानं तेल सोडत असे, आणि दहावीच्या वर्षी तर पास व्हावं म्हणून दुप्पट सोडलं होतं.

हे मी सरांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. सरांनी डोळे मिटून घेतले.

“बदनापूर,” ते म्हणाले, “करडईचं तेल वाळलं की त्याचं व्हार्निश होतं. तुमच्या दहावीच्या मार्कांत कुणाची तरी चार पानं गेली.” मग एकदम डोळे उघडून म्हणाले, “फर्स्ट क्लास होता का?”

“सेकंड, सर.”

“अरेरे. फर्स्ट तरी यायचा.”

पुढच्याच रविवारी ते सायकलवरून आमच्या गावात आले. आबांनी फडकं सोडून पोथी लांबूनच दाखवली. वरचं पान डांबरासारखं काळंतपकिरी झालेलं, त्यावर एक अक्षर दिसत नव्हतं. सरांनी पोथी मागितली नाही. ते आबांना म्हणाले, “तुमचं म्हणणं असं असणार. ही पोथी आमची नाही, ठेव आहे. ज्यानं ठेवली तो ‘जपा’ म्हणाला, ‘वाचा’ म्हणाला नाही. आज मास्तरच्या हातात दिली आणि पान तुटलं, तर ते कुणाला जोडता येणार नाही. आणि खापर पणजोबांच्या शब्दावर फुटणार. बरोबर?”

आबा चकित झाले. एवढं त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नसेल. “बिलकुल बराबर, मास्तर.”

“मग माझं काही म्हणणं नाही,” सर म्हणाले. जेवले, आणि सायकलवर बसून निघून गेले.

मला त्यांचा राग आला. दोन कोस आत सायकल मारत यायचं, आणि समोरच्याचीच बाजू मांडून परत जायचं! पण सर दर दसऱ्याला येत राहिले. पोथीला लांबून नमस्कार करायचे, आबांना एवढंच म्हणायचे, “यंदा तेल नका घालू,” आणि पुरणपोळी खाऊन जायचे. दुसऱ्या वर्षापासून आबांनी पोथीचं तेल बंद केलं, पण रीत मोडवेना, म्हणून देवघराच्या दाराच्या बिजागरीला घालायला लागले. ते दार पुढं कधी कुरकुरलं नाही.

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी जालन्यातच शाळेत शिकवायला लागले. सर निवृत्त झाले. आणि दोन हजार सालच्या आसपास एका दुपारी ते माझ्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं.

“वाचा,” म्हणाले. “मोठ्यानं.”

मला नवल वाटलं, कारण सर दुसऱ्याला वाचायला सांगणारे नव्हते. मी वाचलं. इटलीत ज्वालामुखीखाली सापडून कोळसा झालेल्या जुन्या ग्रीक ग्रंथांच्या गुंडाळ्या होत्या. त्यांत तत्त्वज्ञानाची पुस्तकं होती, हरवलेली. कोळशावर काळी शाई, काहीच दिसत नसे. आता परदेशी अभ्यासकांनी माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात त्यांचे फोटो काढले, आणि अक्षरं वर आली.

“काळ्यावरचं काळं वाचतात ते,” सर म्हणाले. “बदनापूर, तुमचं तेल त्या प्रकाशाला दिसणारच नाही. हळद नाही, कुंकू नाही. फक्त काजळीची शाई दिसेल.” मग खाली बघत, गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाले, “डॉक्टर काचबिंदू म्हणतात. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वर्षभर टिकेल, फार तर दीड.”

म्हणजे एवढ्याच मुदतीत, आयुष्यभर ज्याच्यामागे सायकल हाणली तो जबाब, आमच्या पोथीत असलाच तर, त्यांना वाचता येणार होता, किंवा कधीच नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते कात्रणाची घडी घालत होते, अगदी निवांत.

तसा कॅमेरा कुठं मिळणार, हा प्रश्न सरांनी आधीच सोडवला होता. आमच्या भागातल्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग सलीमभाई करायचे. त्यांच्या नव्या कॅमेऱ्यात अंधारात शूटिंग करायचं एक बटण होतं. ते बटण दाबलं की कॅमेरा नेमका तोच न दिसणारा प्रकाश पाहतो, हे सरांनी शोधून काढलं. साधा प्रकाश अडवायला भिंगापुढं धुतलेल्या फिल्मच्या टोकाचा काळा तुकडा लावायचा. असे तुकडे सलीमभाईंच्या स्टुडिओत केरात पडलेले असत.

सलीमभाई म्हणाले, “सर, इस कॅमेरे में मैंने हजार दुल्हन देखी. पोथी पहली बार.”

“ही पण पदराआडच आहे,” सर म्हणाले. “घाई करायची नाही.”

आम्ही तिघं आमच्या गावी गेलो. सरांनी आबांपुढं बसून कागदाच्या एका कपट्यावर काजळीच्या शाईनं लिहायची तयारी केली. “आबा, एक शब्द सांगा.”

आबा हसले. “लिवा, बैल.”

सरांनी ‘बैल’ लिहिलं, वाळू दिलं, मग त्यावर तेल, हळद, कुंकू आणि कपातला उरलेला चहा फासला. कागदाचं पार मातेरं झालं. सलीमभाईंनी कॅमेऱ्याची वायर आमच्या टीव्हीला जोडली, भर दुपारी खिडकीवर गोधडी टाकली, शंभरचा बल्ब लावला. टीव्हीच्या पडद्यावर पांढराशुभ्र कागद आला, आणि त्यावर दोन ठळक अक्षरं. आबा चौथीपर्यंत शिकले होते. त्यांनी मोठ्यानं वाचलं, “बैल!” मग कागद हातात घेऊन पाहिला, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं.

“आबा,” सर म्हणाले, “सोळा वर्षं तुमची बाजू मला पटलेली आहे. आजही पटते. मी पोथीला हात लावणार नाही. जेवढी पानं आपणहून सुटतील तेवढीच बघीन.”

आबांनी तो कपटा खाली ठेवला. “पान मी उचलीन,” ते म्हणाले. “आन् जिथं ते न्हाई म्हणंल, तिथं थांबायचं. मंग रडारड न्हाई.”

“कबूल.”

आबांनी पन्नास वर्षं कापूस वेचला होता. बोंडाच्या काट्यांतून सरकीसकट कापूस अलगद काढायची त्यांच्या बोटांना सवय. ज्वारीच्या धांड्याची साल सोलून त्यांनी कागदासारखी पातळ पट्टी केली आणि ती पानाखाली सरकवत राहिले. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचे. एका रविवारी एक पान, फार तर दोन. तिसरं मागितलं की म्हणायचे, “आज बस. त्येला बी दम लागतो.”

पहिलं पान पडद्यावर आलं. ज्या पानावर मी लहानपणापासून नुसता काळोख पाहिला होता, त्यावर ओळीच ओळी उभ्या होत्या. मागच्या बाजूची अक्षरंही उलटी डोकावत होती. निरांजनाची काजळी जिथं लागली होती तिथं मात्र काळे डागच राहिले, कारण काजळीपुढं ते यंत्रही हतबल होतं. अशाच एका डागाकडे सरांनी बोट दाखवलं. कोपऱ्यात एका लहान अंगठ्याचा ठसा होता, रेघा न् रेघा दिसत होत्या.

“ही कोण?” सर म्हणाले.

मी माझा अंगठा मुठीत दडवला. माय पदराआड हसली. “तिचाच असंल. निरांजन पुसून तेच हात पोथीला लावायची.”

“सही करून गेलात तर,” सर म्हणाले, आणि पुन्हा ओळींकडे वळले.

ते टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतके जवळ बसत. वाचत, सांगत, आणि मी वहीत उतरून घेत असे. सुट्टीच्या दिवशी आमच्या ओसरीवर गाव जमायचं. कुणी म्हणायचं, “आज किती पानाचा एपिसोड?” कुणी म्हणायचं, “दुसरं चॅनल लावा की, मॅच हाय.” पण उठून कुणी जात नसे.

तिसऱ्या पानावर सर थांबले. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “बदनापूर, हा पूर्वपक्ष आहे. लिहिणारा कुणाला तरी खोडून काढायला बसलाय. पण माणूस सभ्य दिसतो. समोरच्याचं सगळं म्हणणं सांगतोय, त्याच्याच शब्दांत.” त्यांचा आवाज इतका हळू झाला होता की सलीमभाईंनी पंखा बंद केला. “जबाब आहे हा. आरोपीचा.”

संक्रांतीच्या आसपास अकरावं पान सुटलं. सरांनी शेवटची ओळ वाचली आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पानाच्या शेवटी एकच शब्द होता, ‘अत्रोच्यते’. म्हणजे, आता यावर उत्तर सांगतो. पूर्वपक्ष संपला की पंडित हा शब्द लिहून आपल्या उत्तराला सुरुवात करीत.

“जन्मभर मी उत्तरंच वाचली,” सर म्हणाले, “आणि प्रश्न शोधत फिरलो. आता प्रश्न मिळाला, तर उत्तर खालच्या पानांत!”

आबांनी बाराव्या पानाखाली पट्टी सरकवायला घेतली. एका कोपऱ्यातून घेतली, मग दुसऱ्या. मग पट्टी बाजूला ठेवली आणि हात मांडीवर घेतले. “मास्तर, हे न्हाई म्हणून राह्यलंय.”

खालचा सगळा गठ्ठा विटेसारखा एकजीव झाला होता.

सलीमभाई हळूच म्हणाले, “सर, थोडी भाप दे दो ना. लिफाफा खुलता है वैसा खुल जाएगा.”

मलाही तेच वाटत होतं. सरांची नजर आता इतकी गेली होती की पडद्यावरचं अक्षरही त्यांना बाजूनं पाहावं लागे. पुढच्या दसऱ्याला ते काही वाचू शकणार नव्हते. मी म्हणाले, “सर, एखादं पान तुटेल, पण बाकीची तुम्हाला वाचता येतील. आबांना मी समजावते. तुमच्यासाठी ते ऐकतील.”

“ऐकतील,” सर म्हणाले. “म्हणूनच विचारायचं नाही. बदनापूर, आधी आबांची बाजू मांडा.”

मी वही चाळायला लागले. पण सर वाट पाहत होते, वर्गात पाहायचे तशी. मग मी म्हणाले, “पोथी ठेव आहे. वाफेनं पानं सुटली तर शाईही सुटेल. एकदा पुसलं की पुढं कितीही चांगलं यंत्र आलं तरी वाचायला काही उरणार नाही. आणि... आणि तुम्ही कबूल म्हणाला होता.”

“आणखी काही राहिलं?” त्यांनी आबांना विचारलं.

आबा म्हणाले, “न्हाई. पोरीनं बराबर सांगितलं.”

“दहापैकी दहा,” सर म्हणाले, आणि सलीमभाईंना कॅमेरा बंद करायची खूण केली. “कोळशाची गुंडाळी वाचणारे निघाले, तसे वीट न फोडता वाचणारेही निघतील. ते येईपर्यंत ही शाबूत पाहिजे. माझे डोळे काय, मूळचे भाड्याचेच.”

गोधडी काढली, खोलीत ऊन आलं. मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात आबा म्हणाले, “मास्तर, अकरा पानं मी उचलली. त्यो माणूस म्हणतो तरी काय, ते तर सांगा.”

सर पुन्हा मांडी घालून बसले. “तो म्हणतो, दुसऱ्यानं सांगितलेलं ते ज्ञानच नव्हे. कुणी सांगितलं की अमुक गावाला गोड्या पाण्याची विहीर आहे, म्हणून माझी तहान भागत नाही. विहीर त्यानं पाहिली, मी नाही. मग त्याचा शब्द मी खरा का धरावा? बापाचा असो, गुरूचा असो, ग्रंथाचा असो.”

“खरं हाय,” आबा म्हणाले. सुपारी कातरता कातरता थांबले. “पण मास्तर, कोण्या दिशेला चालायचं, ते तर त्याच्याच तोंडून कळलं ना? तिथवर तर शब्द धरावाच लागंल. पाणी मंग आपलं आपण प्यावं.”

सर ताडकन उठले. आबांपुढं वाकून त्यांनी दोन्ही हात जोडले. आबा घाबरून मागं सरकले. “अहो मास्तर, कामून करून राह्यले असं?”

“अत्रोच्यते!” सर म्हणाले. “बदनापूर, वही द्या. आबा, परत सांगा. हळू, एकेक शब्द.”

आणि टीव्हीपुढं नाक नेणाऱ्या त्या माणसानं वही डोळ्यांशी धरून, स्वतःच्या हातानं, आबांचं वाक्य लिहून घेतलं.

अकरा पानांची नक्कल आम्ही पुण्याच्या एका जाणकारांकडे पाठवली. त्यांचं पत्र आलं: मजकूर त्यांच्या माहितीतल्या कोणत्याही ग्रंथाशी जुळत नाही, पूर्वपक्ष महत्त्वाचा वाटतो, उरलेला भाग पाहिल्याशिवाय अधिक सांगता येत नाही. ते पत्र मी सरांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. “चांगला माणूस आहे,” ते म्हणाले. “माहीत नाही असं लिहितो.”

सर जाऊन आता काही वर्षं झाली. परवा वर्तमानपत्रात वाचलं, की तिकडे त्या जळालेल्या गुंडाळ्या न उघडताच, दवाखान्यातल्या स्कॅनसारख्या यंत्रातून त्यांच्या आतले पदर पाहण्याचे प्रयोग चालू आहेत. अक्षरं अजून नीट आली नाहीत म्हणे. येतील. कात्रण मी कापून ठेवलं, कापायच्या आधी हात धुतले.

त्याच आठवड्यात काकूंनी सरांची वही माझ्याकडे दिली. मी ती गावी नेली आणि ओट्यावर आबांना वाचून दाखवली. अकरा पानांची नक्कल माझ्या अक्षरात आहे. त्यापुढं सरांनी गठ्ठ्याची जाडी पाहून अंदाजानं चाळीस पानं कोरी सोडली आहेत. प्रत्येकावर वर आकडा घातलाय, बारा, तेरा, चौदा, अगदी एकावन्नपर्यंत. आकडे पुढं पुढं वाकडे होत गेलेत. त्यातल्या फक्त बाराव्या पानावर ‘अत्रोच्यते’ लिहून खाली आबांचं वाक्य आहे, आणि समासात बारीक अक्षरात एक टीप: ‘हे उत्तर तात्पुरते. मूळ सापडल्यास खोडावे.’

आबा आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. त्यांनी टीप दोनदा वाचायला लावली. मग देवघराच्या, न कुरकुरणाऱ्या दाराकडे पाहत म्हणाले, “खोडू द्या. पण आधी माझं नीट वाचा म्हणावं, आन् मंग खोडा.”